मासोळीचं पाणी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पलीकडे, जंगलाला खेटून असलेल्या एका गावात लटारू गुरनुले राहतात. गावासाठी ते लटारूभाऊ. दोन उन्हाळ्यांपूर्वी मोहफुलं वेचताना त्यांच्या डोळ्यांदेखत वाघानं गुलाबला नेलं. गुलाब त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं एकाच झाडाखाली वाकून बोलत होते, आणि गुलाबचं बोलणं अर्ध्यावरच तुटलं. लटारूभाऊंच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. ओरडायचं होतं, पण घशातून हवेशिवाय काही निघालं नाही. त्या दिवसापासून त्यांनी अंगणाचं कुंपण ओलांडलं नव्हतं. शेती त्यांची बायको कमळाबाई बघायची. न्हावीसुद्धा घरी येऊन दाढी करून जायचा.

त्यांची लेक उर्वशी चंद्रपूरला नर्स आहे. दिवाळीला येताना तिनं काचेची पेटी आणि एक केशरी गोल्डफिश मासोळी आणली.

"दिवसभर भिंतीकडं पाहत राह्यता बाबा. आता इच्याकडं पाहा."

लटारूभाऊंनी नाक मुरडलं खरं, पण दुसऱ्याच दिवशी आपली बाज पेटीजवळ ओढून घेतली. माणसाशी दोन शब्द न बोलणारा माणूस मासोळीशी धानाच्या गोष्टी करू लागला. तीही काचेशी येऊन थांबायची.

उर्वशी परत गेल्यावर एका सकाळी पेटीतलं पाणी गढूळ दिसलं, म्हणून कमळाबाईंनी सगळं उपसून नळाचं ताजं पाणी भरलं आणि विळा घेऊन त्या धान कापायला निघून गेल्या.

थोड्याच वेळात मासोळी वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागली. मग काचेवर धडका देत फिरली आणि एका कुशीवर कलंडली. कल्ले नुसते धपापत होते. उघडं तोंड आणि आवाज नाही. लटारूभाऊंनी कसाबसा उर्वशीला फोन लावला.

"उर्वशी, मासोळी मरून राह्यली वं."

"पाणी बदललं का?"

"तुह्या मायनं बदललं. सारं. नळाचं."

"थांबा, मासोळीच्या दुकानवाल्याले विचारते."

तिचा परत फोन आला तो घाईचा. "नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असते बाबा, त्यानं कल्ले जळतात. बिनादवाईचं पाणी टाका, आताच. विहिरीचं..." आणि बोलता बोलता तिला बाबांचं कुंपण आठवलं. विहीर गावाबाहेर होती. एका बाजूला बांध्यांमधलं, भातखाचरांतलं, उभं धान, दुसऱ्या बाजूला झुडपं, आणि झुडपांमागे जंगल. "राहू द्या बाबा. मी दुसरी आणते."

"दुसरी कायले आणतं?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

कुंपणाशी उभं राहून त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. कुलपं लावून सारा गाव कापणीला गेला होता. मग त्यांनी दोर आणि बकेट उचलली. फाटकातून बाहेर पडले, परत आले, पेटीत डोकावले. कल्ले अजून हलत होते. ते पुन्हा निघाले.

रस्ता ओळखीचा होता, तरी पाय ओळखत नव्हते. उभ्या धानात बसलेला वाघ चार हातांवरूनही दिसत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. वाऱ्यानं लोंब्या सळसळल्या की लटारूभाऊ बकेट छातीशी धरून थांबायचे. मागे वळून बघायची हिंमत नव्हती आणि न बघता चालवतही नव्हतं.

विहिरीजवळ सांडलेल्या पाण्याचा चिखल होता. त्यांनी बकेट आत सोडली. दोराखालची गडगडी करकरली, आणि त्या आवाजानं दचकून त्यांची नजर खाली गेली.

चिखलात पंजा उमटला होता. कडा ढासळल्या नव्हत्या, आणि खळग्यात पाणी अजून झिरपत होतं. पुढचा ठसा बांधाकडे, त्यापुढचा धानात. त्याच धानाच्या पल्याड बायका कापत होत्या. त्यांत कमळा होती.

दोर हातातून सुटला. गाव मागे होतं, घर मागे होतं. लटारूभाऊ धानाकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटणारा आवाज शिवारभर गेला.

"कमळेऽऽ! वाघ हाये! धानातून निंगा! साऱ्या जणी निंगाऽऽ!"

ते बांधावरून धावत सुटले. पडले, उठले, ओरडतच राहिले. पलीकडे बायकांनी विळे आपटले, जेवणाच्या थाळ्या वाजवल्या, एकमेकींना धरून त्या रस्त्याकडे पळाल्या. धानाच्या मधोमध लोंब्यांची एक लांब रेघ हलली आणि नाल्याच्या दिशेनं सरकत गेली. ती सगळ्यांनीच पाहिली.

कमळाबाईंनी येऊन नवऱ्याचं मनगट धरलं.

"तुमी इथी काऊन आले?"

"मासोळीले पाणी..." म्हणत त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

विहिरीवर सगळे मिळून गेले आणि आत पडलेली बकेट काढून पाणी भरलं. पाणी घरी आलं तेव्हा मासोळी तळाशी पडली होती. लटारूभाऊंनी अर्धं पाणी काढलं आणि नवं पाणी वरून बारीक धारेनं सोडत राहिले. दिवेलागणीला तिनं एकदा शेपूट हलवली. सकाळी ती सरळ पोहत होती, फक्त शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती.

लटारूभाऊंचं भेव गेलं, असं गावानं परस्परच ठरवून टाकलं. कोणी तसं म्हटलं की ते नकारार्थी मान हलवतात. "गेलं नाई बापा, वाढलं. पह्यले भेव माह्या जिवापुरतंच होतं. आता कमळा वावरात गेली का जीव अधांतरी लटकते."

म्हणून कापणी संपेपर्यंत ते रोज तिच्यासोबत गेले. ती वाकून धान कापायची. हे बांधावर जंगलाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी काठी धरून उभे राहायचे आणि काठीचं टोक सारखं मातीत थरथरत असायचं.