तीस पाव्हण्यांचं चित्र

दोन हजारचं दशक संपत आलं होतं आणि मी पुण्यात फोटो ओळखणारे प्रोग्रॅम लिहायचो, पायथनमध्ये. पण लग्नाकार्यात कुणी माझं काम विचारलं, की वडील "कंपूटरवर हाय" एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. मला ते फार लागायचं.

पिंपरी पेंढारला बहिणीच्या लग्नात मी संधी साधली. जेवायला थांबलेल्या तीस पाव्हण्यांची रांग लावली: एक पांढऱ्या टोपीवाला, एक उघड्या डोक्याचा, पुन्हा टोपीवाला. वडिलांना टेम्पोच्या टपावर चढवलं आणि खालून ओरडलो, "आण्णा, कंपूटरकडं फोटो असा येतो. नुसते आकडे, एका रांगेत! टोपी म्हणजे पांढऱ्याचा आकडा, काळं डोकं म्हणजे शून्य."

मग त्याच क्रमानं सहा-सहाच्या ओळी बसवल्या.

"काय दिसतंय?"

"उभं पट्टं!"

"उठा मंडळी, आता पाच-पाचच्या ओळी!"

"आरं भाच्या, जेवू दे की!" मामा करवादले, पण उठले. माणसं तीच, क्रमही तोच.

वडील टपावर हसायलाच लागले. "आयला, बुद्धिबळाचा पट झाला की रं!"

"हेच माझं काम, आण्णा. आकडे तेच, ओळी बदलल्या की चित्र बदलतं. ओळ केवढी धरायची, ते कंपूटरला मी सांगतो."

संध्याकाळी व्याह्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. वडिलांनी टोपी सारखी केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "पावणं, आमचं पोरगं कंपूटरला फोटोची पंगत बसवून देतं. लई अवघड काम हाय ते!"