कण्हेरीवरची अळी

आज कुंडीतल्या कण्हेरीवर जाडजूड हिरवी अळी दिसली, पाठीवर निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. तसलीच एक मी लहानपणी सोलापुरात डब्यात पाळली होती. आमचं घर विणकरांचं, म्हणून कोश विणायला मी तिला रंगीत सूतच दिलं. ती तपकिरी पडली, नुसती कडेकडेनं फिरत राहिली.

“मरंल की ती! डब्यात माती घाल,” यंत्रमागावरून वडील ओरडले.

मातीत, पाल्याखाली ती कोश होऊन निजली. पंधरवड्यानं, संध्याकाळी पतंग निघाला. हिरव्या मखमलीवर गुलाबी लाटा, पंख अजून ओले.

मागाची खडखड थांबली. वडील येऊन उकिडवे बसले. “असलं डिझाईन आपल्याला जमंना बघ,” ते हळूच म्हणाले.

तेव्हा मला नवल पतंगाचं वाटलं होतं. आज वाटतं ते वेगळंच: वीज असताना कधीच न थांबणारा माग वडिलांनी थांबवला होता.