आंजीचं नाव लावलेला कर्नल

आंजीवाले सर स्वतःच्या प्रत्येक वस्तूवर गावाचं नाव टाकत. छत्रीवर आंजी, डब्यावर आंजी. इतकंच काय, लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळा संगणक हाकणारा मूळ प्रोग्राम, ते स्वतः काटछाट करून बांधत आणि त्याच्या नावामागेही ‘आंजी’ जोडत. मी हसलो की म्हणायचे, "ज्यानं बनवलं त्याचं गाव लागलंच पाह्यजे. लपवाचं काऊन?" मी हिंगणीचा; विचारणाऱ्याला नागपूर सांगायचो.

वर्ध्यातल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात मी हाताखालचा शिक्षक होतो. एका अंधशाळेला कुणीतरी जुनी मशिनं दिली होती. त्यांवर अक्षरं वाचून दाखवणारा प्रोग्राम चालवायचं सरांनी अंगावर घेतलं. पण साउंड कार्ड बोलेना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढून घेणारं मॉड्यूल, बांधायला घेतलं की पडदाभर चुका. मी शेवटची ओळ वाचून कपाळाला हात लावायचो. सर शांतपणे चुकांच्या यादीत वर जायचे. "खालचं सारं रडगाणं असते. पह्यली चूक वाच." तीन आठवडे ते पहिलीच चूक वाचत राहिले आणि एके दुपारी मशीन ‘क’ म्हणालं. तिथल्या अंध शिक्षिका मालूताई स्पीकरवर तळहात ठेवून बसल्या होत्या. त्या रडल्याच. सरांनी नुसतं चष्मा पुसल्यासारखं केलं.

आता शाळेच्या विश्वस्तांना दाखवायचं होतं. त्यांना पटलं तर मशिनं मुलांना, नाहीतर कार्यालयाला. आदल्या दिवशी सर गावी गेले आणि मला दुर्बुद्धी सुचली. नागपूरचे मोठे लोक येणार, मशीन सुरू होताना पडद्यावर ‘आंजी’ दिसणार, याची मला लाज वाटली. मी ते नाव काढून कर्नल नव्याने बांधला. मॉड्यूल मात्र जुन्या नावाच्या फोल्डरातच राहिलं. कर्नल आपल्या नावाच्याच फोल्डरात मॉड्यूल शोधतो, हे सरांनी मला दहादा शिकवलं होतं. आवाज तपासून बघायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन मुकं. मालूताईंचा हात स्पीकरवरच होता. "सर, हे बोलत काऊन नाई?" सरांनी कर्नलचं नाव विचारणारी आज्ञा टाइप केली. पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खाली मान घातली.

"चूक माही आहे," सर विश्वस्तांना म्हणाले. "अर्धा तास द्या."

विश्वस्तांना गाडी गाठायची होती. मशिनं कार्यालयात गेली. सरांनी वर्षभरात क्लास बंद केला.

पुढे पुण्यात मुलाखतीत मला विचारलं, नीट बांधलेलं मॉड्यूल नव्या कर्नलवर का चढत नाही? मी क्षणात उत्तर दिलं. त्या उत्तरावर मला नोकरी लागली. ती भाकरी मी आजही खातो, आणि ती गोड लागत नाही.

एकदा माफी मागायला आंजीला गेलो. सर वडिलांच्या किराणा दुकानात साखरेची पुडी बांधत होते. मी तोंड उघडलं तोच म्हणाले, "मले तवाच समजलं होतं." मग पुडीवरून नजर न उचलता विचारलं, "आता कुठचा सांगतं लोकाईले?"

"पुण्याचा," मी म्हणालो.

त्यांनी दोरा तोडला आणि माझ्यामागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुले काय पाह्यजे?"