वहिनीचा कॉर्डलेस माइक

आत्मा वगैरे गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अंबडला स्टँडजवळ आमचं रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. कुठलाही आवाज आला की त्याचं कारण सापडतंच, असं माझं मत. तरी हे लिहितोय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी वहिनी वडीगोद्रीच्या शाळेत शिक्षिका. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज पार बसला, दुसऱ्या बाकापर्यंतही पोचेना. दादाने बाजारातला कॉर्डलेस माइक आणला, पण तो दोन दिवसांत सेल खायचा, आणि वर्गातल्या पंख्याची घरघर तिच्यापेक्षा मोठ्याने ऐकवायचा. मग दादा चार महिने सर्किटच्याच मागे लागला. शेवटी काडेपेटीएवढा ट्रान्समीटर तयार झाला — एका पेन्सिल सेलवर आठवडाभर चालणारा, घरघर गाळून फक्त बोलणं पुढे सोडणारा. त्याच्यावर वहिनीने दोन वर्षं शिकवलं. मग दुखणं उलटलं आणि ती गेली.

दादाचं खाण्यापिण्यातलं लक्षच उडालं. महिन्याभराने, भर दुपारी, तो तिच्या माइकचा रिसीव्हर स्पीकरला जोडून नुसता बसला होता. ट्रान्समीटर टेबलावर उघडा — त्यातला सेल मी स्वतः काढून ठेवलेला. काउंटरपाशी जालन्याचे एक मारवाडी कापड व्यापारी, टेप न्यायला आलेले.

स्पीकरमधून आधी श्वास ऐकू आला. मग तोच बसका, हळू आवाज.

"अहो, बंद करा आता. जेवून घ्या."

दादाने हात लांबवून स्विच बंद केला. माइक जुळवायच्या दिवसांत ती त्यातूनच जेवायला बोलवायची, तेव्हा रोज करायचा तसा, सवयीने...

"जा की भाऊ, भाभी बोलवून राह्यल्या," व्यापारी म्हणाले. "मी बसतो, जल्दी न्हाई." वहिनी गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

नंतर मी सगळं तपासलं. गावात तसा दुसरा माइक नव्हता. वहिनीचा आवाज आम्ही कधी कॅसेटवर भरलाही नव्हता — ते राहूनच गेलं. दादा पुढे कितीतरी दुपारी रिसीव्हर लावून बसला. नुसती खरखर.

त्या दिवशी तो जेवला मात्र. पानावरून उठताना मला म्हणाला, "मी बंद न्हाई केलं असतं, तर ती आजून काही बोलली असती का रे?"