अर्ध्या चेहऱ्याची भिंत

"तू घे रोलर. तू त्या मेक्सिकनांसारखीच दिसतेस, तुझ्यावर कोणी ओरडणार नाही."

सर आज साइटवर मला हे मराठीत म्हणाले. पुण्याचे आहेत. मग तेच इंग्रजीत सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं.

कॅनडातल्या ग्वेल्फमधला भाजी पॅकिंगचा हा बंद कारखाना पाडून इथे कॉन्डो फ्लॅट होणार आहेत. मेक्सिकन मजुरांनी याच भिंतीखाली संप केला होता. नंतर भिंतीवर त्यांनीच चित्र काढलं. मूठ वर केलेली एक बाई. जागा जपायची की नाही, हे ठरवायला उद्या सिटीचे, म्हणजे इथल्या महापालिकेचे लोक येणार आहेत. चित्रच नसलं तर जपणार काय?

मी इंजिनिअर. भिंती रंगवायला ठेवलेली नाही. तरी रोलर घेतला. नोकरीची भीती, दुसरं काय. पहिलाच हात बाईच्या तोंडावरून फिरला.

एक म्हातारी जवळ आली. ओरडली नाही. म्हणाली, मी चिकाना, कॅलिफोर्नियात जन्मलेली मेक्सिकन. आईच्या कडेवर बसून तिकडच्या शेतमजुरांच्या मोर्च्यांना गेलेली. "मोर्चे निघायचे तिथे आता पार्किंग आहे. नातवंडांना जागासुद्धा दाखवता येत नाही." मग हातमोजा काढून तिने भिंतीला हात लावला. माझा ओला पांढरा रंग तिच्या तळव्याला लागला.

मला बाप आठवला. गावच्या विहिरीवर पाणी भरलं म्हणून माझ्या आजीला मारलं होतं. पुढे गावाने ती विहीर बुजवून वर टेम्पो स्टँड केला. बाप तिथून जाताना दर वेळी चपला काढायचा. टेम्पोवाले हसायचे. मला लाज वाटायची. बापाची. मी भराभर पुढे निघून जायचे, त्याची कोणी नसल्यासारखी. आता बाप नाही. विहीर नेमकी कुठे होती, मला सांगता येणार नाही.

ती गावाने बुजवली. ही भिंत मी बुजवत होते.

"सर, मी हे करणार नाही."

"अगं, एक कोट मार आणि मोकळी हो. तुम्हा लोकांना ना, प्रत्येक गोष्टीचा इश्यूच करायचा असतो."

तुम्हा लोकांना. इथे मी आडनाव गाळून वावरते, मंडळाच्या गणपतीतसुद्धा. त्यांनी तरी ओळखलंच होतं.

"हो," मी म्हटलं. "आम्हा लोकांना."

रोलर खाली ठेवला. बाईचा अर्धा चेहरा गेला. तो माझ्या हातून गेला, हे मी पुसणार नाही. उद्या सिटीच्या लोकांसमोर उभी राहणार. रंग फासायला कोणी लावलं ते सांगणार. फासला कोणी, तेही सांगणार. आडनावासकट.