रिलेची टकटक

गाणी ऐकायच्या अ‍ॅम्प्लिफायरला मी घरीच रिलेचा व्हॉल्यूम कंट्रोल बनवून बसवला. बटण फिरवलं की आतले रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, चालू-बंद होतात आणि आवाज पायरीपायरीने चढतो, उतरतो. प्रत्येक पायरीला टक् असं वाजतं.

आज दुपारी आई दारात आली. “अरे, माझा गुडघा...” म्हणाली आणि थांबली. मी बटण जरासं मागे घेतलं. टक्. ती तशीच उभी राहिली, पुढची टक् येईल म्हणून असावं. आली नाही. “असू दे, ऐक तू,” म्हणून ती आत गेली.

मग साहेबांचा फोन आला. मी बटण थेट शून्यापर्यंत फिरवलं. टकटकटकटक. खोली चिडीचूप.

फोन ठेवल्यावर आईने आतून विचारलं, “कुणी मोठं माणूस होतं का रे?”

साधं बटण असतं तर कुणासाठी किती आवाज उतरवला, हे कळलंच नसतं. माणसामाणसांत आपण करतो तो फरक एरवी मुकाच असतो. मी त्याला वाचा देणारं यंत्र हौसेने जोडलं होतं.

“नाही गं,” म्हणालो. गाणं बंदच राहिलं. आवाज पुन्हा चढवायला हात धजेना. तिला ऐकू गेलं असतं.