आईने आवळू न दिलेला कोट

युद्धात ब्रह्मदेशातले रंगून शहर पडले, त्या वर्षी माझा थोरला भाऊ श्रीपती तिथून जंगलातून पायी चालत कुंभकोणमला परत आला. दसऱ्यानंतर कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती, म्हणून आईने त्याला लोकरीचा कोट शिवायला टाकला. आज इस्त्रीवाल्याने एका कोटावर पाणी शिंपडून तापलेली इस्त्री फिरवली आणि त्या ओल्या लोकरीच्या वासाने शिंप्याच्या दुकानातली ती दुपार आठवली.

रामोजी शिंप्याकडे श्रीपतीचे रंगूनला जाण्यापूर्वीचे माप होते. आईच्या सांगण्यावरून त्याने कोट त्याच मापाने बेतला होता. श्रीपतीने तो अंगात घातला, तेव्हा खांद्याची शिवण दंडावर उतरली.

“आत अजून एक जण मावेल. भाडेकरू ठेवू या,” श्रीपती म्हणाला.

रामोजीने टाचण्या काढल्या. “अक्का, दोन्ही बाजूंनी आवळतो. उद्या नेऊन घाला.”

“एक टाचणी लावायची नाही,” आई म्हणाली. “महिन्याभरात अंगाने भरेल तो. मग उसवत बसाल काय?”

तेव्हा मला तो हट्ट वाटला. कोट आवळणे म्हणजे मुलगा असाच राहणार हे कबूल करणे होते, हे आता कळते.

कचेरीत साहेबाने, कोट कुणाचा मागून आणला, एवढेच विचारले. जागा दुसऱ्याला मिळाली. पौषात श्रीपती हिवतापाने गेला.

पुढच्या वर्षी रामोजीने तो कोट माझ्या मापाने आवळला. त्याच कचेरीत मला कारकुनाची जागा मिळाली.